उघडं राहणारं दार

मोटारींचा इतिहास लिहिणारी मंडळी इंजिनावर लिहितात, वेगावर लिहितात, शर्यतींवर आणि श्रीमंतांच्या शौकांवर लिहितात. ब्रेकवरसुद्धा बरंच लिहून झालंय. पण गाडीचं दार उघडल्यावर ते आपलं आपण उघडं का राहतं, किंवा का राहत नाही, हा विषय कुणाला इतिहासाच्या लायकीचा वाटलेला दिसत नाही. मला वाटतो. आणि त्यामागे थोडं घरगुती कारणही आहे, ते पुढे येईलच.

दाराची दोन कामं. बंद असताना बंद राहायचं आणि उघडलं की उघडं राहायचं. पहिल्या कामावर गेल्या सत्तर वर्षांत अफाट अक्कल आणि पैसा खर्च झालाय. दुसरं काम मात्र एका वीतभर पट्टीवर सोपवून सगळे मोकळे झाले. गॅरेजमध्ये तिला 'स्टॉपर' म्हणतात, कुणी 'चेक' म्हणतात. दार उघडल्यावर खांब आणि दार यांच्या मधोमध एक लोखंडी पट्टी आत-बाहेर सरकताना दिसते, तीच ती.

तिचा पूर्वज म्हणजे चामड्याचा पट्टा. घोड्याच्या बंद बग्गीचं दार वाऱ्याने किंवा झटक्याने पार मागे जाऊन अंगावर आपटू नये म्हणून आतून पट्टा लावायचे. पुढे मोटारी आल्या तेव्हा त्या बनवणारे कारागीर बरेचसे बग्ग्या बनवणारेच होते, त्यांनी तोच पट्टा उचलून मोटारीला लावला. हा पट्टा दाराला 'यापुढे जाऊ नकोस' एवढंच सांगायचा. 'इथे थांब' म्हणायची त्याच्यात ताकद नव्हती.

तसं अगदी सुरुवातीच्या मोटारींना दारांचं फारसं कौतुकही नव्हतं. पुढच्या बाजूला दारच नसायचं, ड्रायव्हर पायरीवर पाय देऊन चढून बसायचा. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. ती १९०८ साली आली. अमेरिकेत तिच्या उघड्या टपाच्या गाडीला पुढे दारं लागली तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचं दार नुसतं पत्र्यावर उठवलेलं चित्र होतं, उघडायचंच नाही! खरं दार तिथे आलं ते १९२६ च्या मॉडेलला. तोवर लक्षावधी लोक उजवीकडून चढून, सरकत सरकत स्टिअरिंगपाशी जात होते. न उघडणाऱ्या दाराला उघडं राहण्याची काळजी नाही, हा एक उपाय झाला म्हणा.

मग बंद टपाच्या गाड्या आल्या, दारं जड झाली, काचा आल्या, आणि बिजागरी कुठल्या बाजूला लावायची हा प्रश्न आला. आज आपल्याला दार पुढच्या कडेला बिजागरीवर लटकलेलं असणं इतकं सवयीचं आहे की दुसरी तऱ्हा सुचत नाही. पण १९२०-३० च्या दशकांत कित्येक गाड्यांची दारं मागच्या कडेला लटकायची आणि पुढून उघडायची. इंग्रजीत पुढे त्यांना चक्क 'आत्महत्येची दारं' असं नाव पडलं. कारण सरळ आहे. चालत्या गाडीत खटका निसटला, तर पुढे लटकलेलं दार वारा दाबून धरतो, मागे लटकलेलं दार मात्र वारा खेचून सताड उघडतो, आणि त्याला धरायला गेलेला माणूसही दाराबरोबर बाहेर.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे दार चांगलं माहीत होतं, फक्त नाव वेगळं होतं. डुक्कर फियाट! पन्नाशीतली फियाट ११००. गोलमटोल नाक, फुगीर अंग. महाराष्ट्रात तिला 'डुक्कर' म्हणायचे, आणि त्यात हेटाळणीपेक्षा प्रेमच जास्त होतं. तिची पुढची दारं मागे लटकलेली आणि मागची पुढे लटकलेली, म्हणजे चारही दारं मधल्या खांबावर. दोन्ही बाजूंनी उघडली की गाडी कान पसरून उभी राहिल्यासारखी दिसायची. नऊवारी नेसलेल्या बायकांना पुढच्या सीटवर बसायला ही रीत सोयीची होती असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या. दाराकडे पाठ करायची, टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. तिकडे लंडनच्या टॅक्सीवाल्यांचाही असाच हिशेब असावा. १९५८ साली आलेल्या त्यांच्या काळ्या टॅक्सीची मागची दारं मागेच लटकलेली होती, आणि ती पद्धत १९९७ मध्ये नवं मॉडेल येईपर्यंत टिकली.

ही फियाट ११०० इटलीत दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाली, १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली, आणि १९५४ मध्ये मुंबईत कुर्ल्याला जोडली जाऊ लागली. कुर्ल्याचा हा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. १९४४ साली त्यांनी ही कंपनी काढली. जहाजं, विमानं आणि मोटारी तिन्ही देशात बनल्या पाहिजेत, हा त्यांचा ध्यास. सुरुवातीला क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ वगैरे अमेरिकन गाड्या जोडल्या, मग फियाट. वालचंद १९५३ मध्ये गेले, म्हणजे डुक्कर फियाट कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. त्याच सुमाराला सरकारने ठरवलं की इथे नुसती जोडणी नको, सुटे भागही इथेच बनवा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गाशा गुंडाळून गेली. राहिले ते आपले मोजके दोन-तीन कारखाने.

मागे लटकलेली दारं मात्र जगभर मागे पडत गेली. १९६२ च्या फियाट ११०० डी मध्ये पुढची दारं सरळ झालेली होती. सित्रोएनच्या टू सीव्हीची १९६४ मध्ये झाली, फियाटच्या छोट्या ५०० ची १९६५ मध्ये. आपल्याकडे ११०० डी आली ती 'डिलाइट' म्हणून, मग तिचीच झाली प्रेसिडेंट आणि १९७४ च्या सुमाराला पद्मिनी. पद्मिनीबद्दल मी इथे जास्त सांगत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ती होती आणि उरलेल्यांनी तिच्यातून टॅक्सीचा प्रवास केलाय.

याच काळात दाराच्या पहिल्या कामाचा, बंद राहण्याचा, कायापालट झाला. ह्यू डिहेवन नावाचा एक माणूस पहिल्या महायुद्धात वैमानिकाचं शिक्षण घेत असताना विमान कोसळून जबर जखमी झाला, वाचला, आणि मग आपण वाचलोच कसे या एकाच प्रश्नामागे आयुष्यभर लागला. त्याने अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात अपघातांतल्या जखमांचा अभ्यास सुरू केला, आणि १९५० च्या दशकात तिथे मोटार अपघातांच्या नोंदी पद्धतशीर जमा होऊ लागल्या. तोपर्यंत लोकांचा समज असा की धडक बसताना गाडीबाहेर फेकलं गेलं तर बरं, माणूस सुटतो. नोंदी नेमकं उलट सांगत होत्या. बाहेर फेकले गेलेले आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त संख्येने मरत होते. आणि फेकले जात होते ते बहुतेक धडकेत उघडलेल्या दारातून. मग १९५६ च्या अमेरिकन गाड्यांना मजबूत खटके आले. १९५९ मध्ये मर्सिडीजने पाचरीसारख्या खुंटीचं कुलूप आणलं. १९६८ पासून अमेरिकेत दारांच्या कुलपांना आणि बिजागऱ्यांना सरकारी मानकच लागू झालं. या सगळ्याचा रोख एकच, दार उघडता कामा नये. तो योग्यच होता, त्याने अगणित जीव वाचले. पण उभ्या गाडीतून उतरणाऱ्या माणसाकडे बघायला यात कुणाला सवड झाली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता उघडं राहण्याचं गणित. घाबरू नका, शाळेतलंच आहे :)

सपाट जमिनीवर, बिजागऱ्या अगदी ओळंब्यात असल्या तर दार जिथे सोडाल तिथे राहील. चढावर मात्र दाराचं वजन त्याला उताराकडे ओढतं. समजा दार वीस किलोचं आहे आणि चढ दहाला एक. म्हणजे ओढ झाली दोन किलोची. ती दाराच्या मध्यावर लागते, त्यामुळे कडेला हात लावून धरणाऱ्याला साधारण एक किलो जाणवते. एक किलो म्हणजे काय, एक साखरेची पिशवी. पण सुटलं तर ते वीस किलोचं दार वेग घेत येतं, आणि त्याच्या वाटेत आपली नडगी असते. वाऱ्याचंही तसंच. ताशी छत्तीस किलोमीटरचा वारा, म्हणजे कोकणात आषाढात नेहमीचा, पाऊण-एक चौरस मीटरच्या दारावर पाचेक किलोचा दाब टाकतो.

तर या एक ते तीन किलोंशी झगडायला ती पट्टी. पट्टीला दोन किंवा तीन ठिकाणी खाचा किंवा खोलगट भाग, आणि त्यावरून फिरणारा, स्प्रिंगने दाबलेला रोलर. रोलर खाचेत बसला की दार थांबतं, जोर लावला की निघतं. स्प्रिंग फार कडक केली तर पोराला दार लावता येत नाही, फार सैल केली तर आजीला उतरता येत नाही. काही मोठ्या अमेरिकन गाड्यांत हीच युक्ती बिजागरीतच बसवलेली असायची. आता प्लास्टिकचं वेष्टण असलेल्या पट्ट्या आल्यात आणि महागड्या गाड्यांत कुठेही थांबणारी दारंही आलीत. पण तत्त्व फारसं बदललेलं नाही.

आणखी एक बारकावा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पुढे लटकलेलं दार मिटायला बघतं, तोंड उताराकडे असेल तर सताड उघडायला. डुक्कर फियाटच्या पुढच्या दारांचं बरोबर उलटं. म्हणजे जुन्या गाडीत घाटात मुरलेला ड्रायव्हर नवी गाडी घेऊन त्याच घाटात आला की दारं त्याला वेड्यासारखी वागल्याची वाटणार.

आमच्या थोरल्या मावशीचं मनगट मोडलं ते याच गणिताने. काकांची १९८७ सालची पद्मिनी. साल २००४. साताऱ्याहून यवतेश्वरला निघालेले, वाटेत घाटात देखावा बघायला थांबले. गाडीचं नाक चढाला. मावशी पुढच्या सीटवर, गुडघे आधीच कुरकुरणारे. म्हातारी माणसं उतरताना काय करतात ते आठवून बघा. एक पाय बाहेर, एक हात सीटवर आणि दुसरा दाराच्या कडेवर, आणि मग सगळा भार त्या दारावर टाकून उठतात. गाडी बनवणाऱ्याच्या लेखी दार हे दार असतं, सत्तरीतल्या माणसाच्या लेखी तो कठडा असतो. मावशीने भार टाकला आणि कठडा चालायला लागला. ती तोल जाऊन डांबरावर पडली, दाराची कडा वर खांद्यावर. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर ते पूर्ण असं कधी वळलंच नाही. पोळ्या लाटणं सुटलं ते सुटलंच. ज्यांनी तिच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्यात त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

तो स्टॉपर महिनोन् महिने गेलेला होता. काकांनी एका गॅरेजात दाखवलाही होता. तिथल्या माणसाने 'गाडीच जुनी झाली, काढून टाका' असं सांगून वाटेला लावलं. मग दाराला सुतळी बांधून झाली, कुणीतरी दाराच्या फटीत लाकडाची चीप घालायचा सल्ला दिला. थोडक्यात, आपण घरोघरी करतो ते सगळं झालं.

शेवटी काकांनी गाडी कोल्हापूरला नेली. शिवाजी उद्यमनगरात एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांच्यापुढे उभी केली. मी तेव्हा बरोबर होतो, म्हणून हे पाहिलेलं सांगतो. त्यांनी स्टॉपरकडे बघितलंच नाही आधी. दार अर्धं उघडलं, कडेखाली दोन्ही हात घातले आणि वर उचललं. दार चांगलं पाव इंच वर गेलं आणि खट्कन खाली आलं. "बिजागरी गेल्या," म्हणाले, "दार लोंबतंय. स्टॉपर बिचारा वाकडा चालणार, दुसरं काय करील?"

इतक्या वर्षांत दारावर भार टाकून टाकून बिजागरीच्या पिना झिजल्या होत्या, भोकं लांबट झाली होती. दार खाली आलं की पट्टी रोलरवर सरळ बसत नाही, एका कडेने घासते. घासून घासून रोलर फिरायचा थांबतो, एका बाजूने चपटा होतो, आणि चपटा रोलर खाचेत कसला बसतोय! म्हणजे नवा स्टॉपर आणून बसवला असता तरी वर्षभरात त्याची तीच गत झाली असती. मिस्त्रींनी दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा दिला, पिना ठोकून काढल्या, भोकं गोल करून घेतली, शेजारच्या लेथवर जाड पिना आणि पितळी बुश करून आणले. रोलरही तिथेच नवा काढला. स्प्रिंग तेवढी कुठल्याशा भंगारातल्या गाडीची. ग्रीस लावलं, आणि मग गाडी मुद्दाम रस्त्याच्या चढाला नेऊन, नाक वर करून, दार उघडून सोडून दिलं. राहिलं. मग काकांना म्हणाले, "आता टाका भार." काकांनी टाकला. दार जागचं हललं नाही. अख्खा दिवस गेला, पैसे मात्र इतके थोडे घेतले की काकांनाच संकोच वाटला.

ते दुखणं फक्त आपल्या गरीब गाड्यांचं असतं असं समजू नका. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडायची. हौस म्हणून नव्हे, तिचा नळ्यांचा सांगाडा बाजूने इतका उंच होता की साधं दार बसेचना. अशा दाराचं उघडं राहणं ही सोय नसते, ती डोक्याची सुरक्षा असते! पुढे १९८१ मध्ये डिलोरियन आली, स्टेनलेस स्टीलची, तशीच वर उघडणारी. तिची जड दारं तोलायला पिळाच्या पोलादी दांड्या बसवल्या. त्या ग्रमन या विमान कंपनीने द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत पीळ देऊन बनवलेल्या. जोडीला वायूचे दट्टे. आज त्या गाड्या जपणारे हौशी लोक काय करत असतात? वायू निघून गेलेले दट्टे बदलत असतात, कारण दार वर राहत नाही, डोक्यावर येतं. चंद्रावर उतरणारं यान बनवलेली कंपनी मदतीला घेऊनही शेवटी प्रश्न आमच्या मावशीचाच.

पद्मिनी बनायची २००० च्या सुमाराला थांबली. प्रीमियरने मधल्या काळात ११८ एनई काढून पाहिली, प्यूजोशी घरोबा करून पाहिला, पण १९८३ मध्ये मारुती आल्यानंतर तो डाव उलटत गेला होता. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता इमारती आहेत. आणि त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडवर, जुन्या गाड्या फोडून त्यांचे भाग विकणाऱ्यांच्या रांगा. जिथे जन्म तिथेच जवळपास मोक्ष. तिथे भिंतीला टांगलेली दारं मी पाहिलीत. विकणारा दाराचं मोल काचेवर आणि पत्र्यावर करतो, बिजागरी कुणी विचारत नाही.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना मात्र बिजागरीची किंमत ठाऊक होती. "दरवाजा आहिस्ता!" हे वाक्य ज्याने ऐकलं नाही त्याने मुंबईत टॅक्सी केलीच नाही. आपल्याला तो चिडचिडेपणा वाटायचा. पण हिशेब करा, दिवसाला तीस वेळा दार उघडलं-लावलं तर वर्षाला दहा हजारांच्या वर, वीस वर्षांत दोन लाखांच्या वर. एवढं सोसून ती दारं लागत होती हेच नवल. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला त्या रस्त्यावरून गेल्या. पेपरांत तेव्हा काळ्या-पिवळ्या रंगावर, छतावरच्या कॅरिअरवर, सीटच्या नक्षीदार कापडांवर भरभरून लिहून आलं. दारांवर काही नव्हतं.

काकांनी पद्मिनी २००९ मध्ये विकली. घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकला, खालून गंज बघितला, टायर बघितले. काका त्याला पुन्हा पुन्हा पुढचं डावं दार उघडून दाखवत होते. त्याला काही कळेना. मावशी ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे का ते विचारा आधी, मग दार दाखवा."

होतं. त्याची आई.